शाळेची पॉलिश केलेली रंगीत जमीन: कोकणातल्या पावसात वापरून बघितल्यावर

आमच्या शाळेच्या पॉलिश केलेल्या रंगीत काँक्रीटच्या जमिनीचे फोटो बघून चौकशीला फोन करणाऱ्या प्रत्येक शाळेला मी आधी एकच विचारते, तुमच्या वर्गात दुपारचं ऊन कुठपर्यंत आत येतं? समोरच्याला वाटतं, बाई विषय टाळतायत. त्यांना दर हवा असतो, ठेकेदाराचा नंबर हवा असतो. पण जमिनीत रंग घालायचा की नाही ते या उन्हावर ठरतं, आणि ठेकेदाराच्या गुळगुळीत पुस्तिकेत उन्हाचा उल्लेखसुद्धा नसतो.

मी चित्रकला शिकवते. आमची शाळा दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ले पट्ट्यात, समुद्राची गाज वर्गात ऐकू येते इतकी किनाऱ्याजवळ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं, पत्रे, वासे सगळं गेलं. पुढे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळ, माजी विद्यार्थी आणि गावातल्या लोकांनी पैसे उभे केले आणि नवी बैठी इमारत झाली. वर्गखोल्या, एक सभागृह, कार्यालय आणि पुढे लांबच्या लांब पडवी. बांधकाम समितीत मला ओढलं ते ‘बाईंना रंगातलं कळतं’ म्हणून. मुंबईत आर्किटेक्टकडे नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं टाइलऐवजी पॉलिश केलेल्या काँक्रीटची जमीन सुचवली. वर रंगही देता येतो म्हणाला. इथूनच सगळं सुरू झालं.

आपल्या जुन्या घरांतला तांबडा कोबा सगळ्यांनी पाहिलाय. काँक्रीट ओलं असतानाच वर सिमेंट आणि लाल भुकटी भुरभुरायची आणि गवंड्यानं उकिडवं बसून थापीनं ती घोटत राहायची. या नव्या प्रकारात उलटं आहे. साधं काँक्रीट टाकायचं, पुरतं मुरू द्यायचं, आणि मग हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्यांच्या यंत्रानं घासायचं. सुरुवातीच्या चकत्या धातूच्या आणि भरड, ३० नंबरच्या आसपासच्या; नंबर मोठा तशी चकती बारीक. मग ८०, १५०. त्यानंतर रेझिनच्या चकत्या, १००, २००, ४००, आणि हौस असेल तर ८००, १५००, ३०००. मधल्या एका टप्प्यावर डेन्सिफायर नावाचं पाण्यासारखं पातळ द्रावण जमिनीला पाजतात. लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं असतं. सिमेंट मुरताना जो मोकळा चुना सुटतो, त्याच्याशी याची क्रिया होते आणि सिमेंटला मुळात ज्याच्यामुळे ताकद येते तोच पदार्थ बारीक छिद्रांत नव्यानं तयार होतो. जमीन घट्ट होते. चमक येते ती घासण्यामुळे, वरून काही लेप दिलेला नसतो.

लेप नसणं हीच या जमिनीची कोकणातली मोठी जमेची बाजू. आपल्याकडे आगोट झाली की जमिनीखालचं पाणी वर चढतं. जुलैत विहिरी काठोकाठ येतात, तेव्हा बैठ्या इमारतीच्या जोत्याखालीही ओल असतेच. ती ओल वाफेच्या रूपात काँक्रीटमधून वर येत राहते. वर इपॉक्सीचा रंग मारला असेल तर वाफ त्याच्याखाली अडकते, फोड येतात, आणि मुलांची बोटं तर अशा फोडांच्या शोधातच असतात. पॉलिश केलेल्या जमिनीतून ही वाफ निघून जाते. सोलून यायला वर काही नसतंच.

दुसरा फायदा धुळीचा. जुन्या इमारतीतला साधा कोबा सतत पीठ सोडायचा. सकाळी झाडलं तरी दुपारी बसकरपट्ट्या उचलल्या की खाली राखाडी भुकटी, त्यात वर खडूची धूळ. पहिलीच्या मुलांचे गणवेश मागून कायम पांढरट. नव्या वर्गांत ते पूर्ण थांबलं. फक्त या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही जमीन पुन्हा घेईन.

आता खालच्या काँक्रीटबद्दल, कारण पैसे खरे तिथे घालायचे. पॉलिश करणारा येतो आणि जे आहे ते उघडं पाडून जातो. गवंड्यानं झाकलेलं सगळं वर येतं. आमच्याकडे डबराचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर जाड प्लास्टिक कागद, आणि त्यावर ४ इंच एम-२५ दर्जाचं काँक्रीट, असं ठरवलं होतं. प्लास्टिक कागदावरून बांधकामाच्या ठेकेदाराशी वाद झाला. ‘इथं कोण घालतो बाई’ म्हणे. घालायला लावला. वाळूचं त्याहून महत्त्वाचं. खाडीची वाळू स्वस्त आणि हाताशी, पण तिच्यात मीठ. मीठ हवेतली ओल ओढतं, जमिनीवर लोणा फुटतो, सळ्या असतील तर त्या गंजतात. म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आणि पाणीही बघा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, ते पाणी काँक्रीटमध्ये घालून उपयोग नाही. आम्ही स्लॅब थंडीतच टाकला, विहिरीला गोडं पाणी होतं तेव्हा. आळी करून पाणी भरून ठेवलं आणि घासायचं काम मेच्या सुट्टीसाठी ठेवलं. निदान २८ दिवस मुरल्याशिवाय यंत्र लावू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

काँक्रीट वाटेल तिथे तडकू नये म्हणून त्यात सांधे कापतात, ते काँक्रीट टाकल्यापासून एका दिवसाच्या आत. ४ इंच जाडीला दहा-बारा फुटांवर सांधा पुरतो. एका वर्गात कापणारा उशिरा आला, आणि दाराच्या कोपऱ्यातून निघालेला केसाएवढा तडा आता पॉलिशमध्ये लखलखीत दिसतो. तडा धोक्याचा नाही. पण टाइलखाली तो कुणाला दिसला नसता. ज्यांना घरात एक ओरखडासुद्धा खपत नाही अशांना समितीत घेऊ नका.

यंत्र मोठं, त्याला थ्री फेज वीज लागते. शाळेत सिंगल फेज, म्हणजे जनरेटर आलाच. डिझेल कुणाच्या खात्यात ते आधी लिहून घ्या. घासणं पाणी वापरून केलं तर राडा होतो, कोरडं केलं तर धूळ उडते. कोरड्या कामाला यंत्राला जोडलेला मोठा व्हॅक्यूम हवाच, कारण ती धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसात जाऊन बसते, माणसाला आयुष्यभराचं दुखणं देते. आमच्याकडे ओलं काम झालं. कामगारांनी तो राखाडी राडा मागच्या पन्हळीतून सोडायला घेतला होता. पन्हळ खाली थेट भातखाचरात आणि पुढे विहिरीकडे जाते. हा राडा चुन्याइतका दाहक असतो, नुसतं गढूळ पाणी नव्हे ते. शिपाईमामांनी वेळीच बघितलं, पन्हळीत गोणपाट कोंबलं आणि ठेकेदाराच्या मुकादमाला खास आपल्या भाषेत समजावलं. ती भाषा इथे लिहिता येणार नाही. मग खड्डा खणून त्यात राडा साचवला, वाळल्यावर भरावात टाकला.

आता रंग.

काँक्रीटला रंग देण्याचे तीन मार्ग असतात हे मला या कामात कळलं, आणि ठेकेदार तिन्हींना सरसकट ‘कलर’ म्हणतो. पहिला, रंगद्रव्य काँक्रीटच्या मालातच मिसळायचं. दुसरा, आम्लाचा रंग, ज्यात धातूंचे क्षार असतात आणि ते चुन्याशी क्रिया करून ढगाळ तपकिरी, हिरवट छटा देतात. तिसरा म्हणजे डाय. हा अत्यंत बारीक रंग असतो, ॲसिटोनमध्ये किंवा पाण्यात विरघळवलेला. २०० किंवा ४०० नंबरपर्यंत घासून झालं की फवारतात आणि तो छिद्रांत शिरतो. क्रिया वगैरे काही होत नाही. रंग नुसता आत जाऊन बसतो.

आमच्याकडे डाय झाला. ॲसिटोनचा. फवारला की पाचेक मिनिटांत वाळतो, म्हणून ठेकेदारांना प्रिय. सभागृहात फवारणी चालू होती तेव्हा सुट्टीत कार्यालयात आलेल्या दोन मुली दारातच थबकल्या, ‘बाई, नेलपॉलिश काढल्याचा वास येतोय.’ बरोबर, तेच द्रव्य. भडका उडणारं. त्या दिवशी आवारात विडी-काडी बंद, वायरमनचं काम बंद, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मुलं शाळेत असताना हे काम करू देऊ नये.

रंग पहिल्या दिवशी फार सुंदर दिसला. खोटं कशाला बोलू. सपाट ऑइलपेंटची कळा त्याला नव्हती. खडीचे दाणे, सिमेंटच्या फिकट-गडद जागा, थापीचे वळसे, सगळं रंगाखालून दिसत होतं, आणि पारदर्शक जलरंग कागदावर बसावा तसा तो बसला होता. मुंबई मंडळाचे अध्यक्ष चप्पल काढून सभागृहभर नुसतेच फिरले.

सभागृहात आम्ही किनाऱ्याचा नकाशा करून घेतला. ही माझी कल्पना. समुद्र निळा, जमीन तांबूस, आणि आत शिरणाऱ्या खाड्या: सावित्रीची बाणकोटची, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, खाली काजळीची भाट्याची. मुलांनी एका खाडीवरून दुसरीवर उड्या मारायच्या, नद्या पाठ व्हायच्या. ठेकेदारानं रंगाच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि फवारलं. पट्टी काढल्यावर निळा रंग तिच्याखालून दोन बोटं आत शिरलेला. दाभोळची खाडी फुगून जवळजवळ घाटाला टेकली होती. डाय इतका पातळ असतो की चिकटपट्टी त्याला अडवत नाही. त्यावर उपाय म्हणजे कडेनं आधी उथळ खाच कापून घ्यायची, रंग खाचेपाशी थांबतो. हे नंतर केलं. खाचांच्या नकाशात जयगड आणि भाट्ये अगदी रेखीव आली. दाभोळ मात्र अजून तशीच, आणि भूगोलाचे सर दर वर्षी पाचवीला ती ‘भरतीच्या वेळची’ म्हणून दाखवतात.

आणि ऊन. आमच्या पश्चिमेकडच्या वर्गांत दोन वाजल्यापासून खिडकीखाली उन्हाचा पट्टा पडतो. समुद्राकडची बाजू, आडोशाला झाड नाही, होती ती वादळात गेली. तिथला निळा आणि हिरवा एका उन्हाळ्यातच फिका पडायला लागला. आज त्या वर्गात उभं राहिलात तर खिडकीची चौकट जमिनीवर फिक्या रंगात उमटलेली दिसेल, गजांसकट. गजांच्या सावलीत रंग जरासा जास्त टिकलाय. बेंचांखाली मूळ निळा शाबूत. बेंच हलवले की चौकोन दिसतात. चित्रकलेच्या शिक्षकाला यात नवल वाटायला नको. स्केचपेनचं चित्र खिडकीशी लावलं तर महिन्यात उडतं हे मी एलिमेंटरीच्या मुलांना सांगतेच. काही रंगांना उजेड सोसत नाही.

उलट बाजूला तांबडा घ्या. लाल कोब्याची भुकटी म्हणजे लोहाचं ऑक्साइड. आपल्या जांभ्याला लाली देणारंही तेच, गेरूतलंही तेच. दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरचं कावीचं काम, म्हणजे तांबडी नक्षी, पिढ्यान् पिढ्या उन्हापावसात उभं आहे ते याच लालीमुळे. लोह आधीच पुरतं गंजलेलं, उन्हाला त्याचं आणखी काही बिघडवता येत नाही. मग ज्या वर्गात ऊन येतं तिथे आयात केलेला निळा डाय कशाला? लोहाचं रंगद्रव्य काँक्रीटच्या वरच्या थरात मिसळा आणि तेच पॉलिश करा. तांबडा मिळेल, पिवळट मिळेल, तपकिरी, काळा मिळेल. निळा नाही मिळणार. नाही तर नाही, खिडकीबाहेर समुद्र आहेच.

सभागृहात ऊन येत नाही. तिथला नकाशा आजही जसाच्या तसा आहे. म्हणून डाय वाईट असं मी म्हणत नाही. आतल्या, सावलीतल्या जागेत, खाचा कापून, जरूर द्या. एरवी नको. आमच्या बिलात जवळजवळ पाचवा हिस्सा रंगाचा होता, आणि त्यातला निम्मा ऊन खाऊन बसलं.

डागांकडे येते. शाळेत डाग कसले पडतात हे पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. तो तेल आणि कॉफी लिहितो. आमच्याकडे सगळ्यात आधी आली हळद. पोषण आहाराच्या खिचडीचा ओघळ जमिनीवर पडला, मावशींनी सवयीनं धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, आणि पिवळा डाग कुंकवासारखा लाल झाला. मावशी घाबरल्या. विज्ञानाचे सर मात्र सातवीला घेऊन आले आणि तिथल्या तिथे दर्शकाचा धडा उरकला: हळद आणि आम्लारी. डाग दोन दिवसांनी खिडकीतल्या उन्हानं उडाला. हळदीलाही ऊन सोसत नाही. ज्या उन्हानं आमचा निळा खाल्ला त्यानं निदान एवढं काम केलं.

खरा शत्रू आंबट. कोकमाचं आगळ, लिंबू सरबत, कैरी, चिंच. आम्ल चुन्याला खातं आणि पॉलिश काँक्रीटमध्ये चुना जागोजाग असतो. चौथीच्या वर्गात सोलकढीची बाटली रात्रभर कलंडून पडली होती. गुलाबी रंग सकाळी पुसून गेला, पण खाली वाटीएवढा मंद, पांढुरका, हाताला खरखरीत गोल राहिला. तो डाग पुसण्यासारखा नव्हताच. तिथली चमकच खाल्ली गेली होती. ठेकेदाराच्या माणसानं पुढच्या फेरीत हातयंत्रावर ४०० ची चकती लावून तेवढीच जागा घासली, थोडं डेन्सिफायर पाजलं, आणि ते जवळजवळ बुजलं. टाइलचा तुकडा बदलण्यापेक्षा सोपं. पण अशी दुरुस्ती रंगीत भागात झाली असती तर छटा जुळली नसती. डबा पडवीत बसून खायचा, हा नियम आम्ही तेव्हापासून केला.

याच कारणानं संडासात वापरायचं ॲसिड आणि जमिनीची बादली कधीच एकत्र येता कामा नये. दोन बादल्या, दोन रंग, दोन कोपरे. फिनाइलचाही रोज मारा नको. साध्या सौम्य, आम्ल-आम्लारी नसलेल्या साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबरचा पोछा पुरतो. मावशींचं मत मी शब्दशः देते, कारण ही जमीन रोज त्या पुसतात, मी नाही: ‘बाई, हिला पाणी जितकं कमी तितकी ती बरी. पण रेती ठेवू नका.’ रेतीचं अगदी खरं. आमची मुलं पुळणीवरून चालत येतात. वाळूचा कण काँक्रीटच्या पॉलिशपेक्षा कडक, बेंचाच्या पायाखाली सापडला की चरा उमटलाच. दाराशी भरड काथ्याची मोठी पायपुसणी, बेंचांना रबरी बुटं, आणि पोछ्याआधी कोरडा झाडू. अमेरिकेत शाळांत ही जमीन पसरली ती याच सोयीमुळे. तिथल्या व्हिनाइल टाइलला मेण लावा, ते खरवडून काढा, पुन्हा लावा, हे चक्र असतं. या जमिनीला ते नाही. आपल्याकडे मेण कुणी लावत नव्हतंच, त्यामुळे त्या बचतीचे आकडे कुणी आपल्याला दाखवले तर हसून बाजूला ठेवा.

पावसाचं सांगते. मृग लागायच्या आधी, हवा घट्ट आणि ढग ओथंबलेले असतात त्या दिवसांत जमिनीला घाम येतो. गार जमीन, दमट हवा, वर बारीक दवाचा थर. टाइललाही येतो, शहाबादीलाही येतो, पण शहाबादी थोडं पाणी पिऊन घेते. ही जमीन पीत नाही. अनवाणी पायांची पकड तरीही बरी राहते, कोरडी असताना तर उत्तमच. पायमोजे मात्र धोक्याचे. बूट दाराबाहेर काढून मोजे घालून धावणारी मुलं सरळ घसरगुंडी खेळतात. आता बूट-मोजे दोन्ही बाहेर.

पडवीचं काम मात्र सपशेल चुकलं, आणि ते का चुकलं ते सांगायलाच हवं. करारात वर्ग ४०० पर्यंत आणि पडवी भरडच ठेवायची असं होतं. ठेकेदारानं पडवीही ८०० वर नेली, ‘समोरची बाजू आहे, चमकायला हवी’ म्हणत, आणि रंगही वर फुकट दिला. फुकटचं बघून समितीतले काही खूश. पहिल्याच झडीत पाऊस तिरका आत आला, त्यावर मुलांच्या पायांची तांबडी माती, आणि मधल्या सुट्टीची घंटा. एका मुलाच्या हनुवटीला टाके पडले. कोरड्यात ही जमीन निसरडी नसते, पण पाणी आणि चिखल यांचा पातळ थर बसला की पायाला धरायला काही उरत नाही. ठेकेदारानं आधी वरून एक चिकट लेप मारून देतो म्हटलं. आम्ही हटून बसलो आणि यंत्र परत आणवून पडवी भरड चकतीनं उलटी घासून घेतली. चमक गेली, रंग ठिपक्यांत उरला, दिसायला आता ती पडवी फारशी देखणी नाही. पण तिच्यावर कुणी पडलेलं नाही. रॅम्पला तर पॉलिशचं नावही काढू नका. १२ फुटाला एक फूट चढ, आणि ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू ओढून ठेवलेल्या रेघा, एवढंच.

आवाज वाढतो, हेही नोंदवते. कडक जमीन, कडक भिंती, वर स्लॅब. पहिलीच्या वर्गात पाढे सुरू झाले की कार्यालयात फोनवर बोलता येत नाही. मागच्या भिंतीला मऊ फलक लावले, पडदे लावले, तेव्हा जरा बरं झालं.

खर्च टाइलच्या आसपासच आला, रंग धरून थोडा वरच. ‘स्वस्तात होते’ म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. लहान कामाला तर यंत्र आणि माणसं आणण्याचं भाडंच जास्त होतं. दोन खोल्यांच्या शाळेनं कोटा फरशी घ्यावी, सुखी राहावी. आसपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून एकाच सुट्टीत काम काढलं तर हिशेब बसतो.

गुण द्यायची माझी सवय जात नाही. जमिनीला दहापैकी आठ. सावलीतल्या रंगाला सात, उन्हातल्या रंगाला तीन. पडवीला, जशी करून दिली होती तशी, शून्य. ठेकेदाराला कामाच्या हातासाठी सात आणि कागदावर लिहिलेलं वाचण्यासाठी दोन.

मागच्या बाजूला आणखी दोन खोल्या निघतायत, येत्या मेमध्ये त्यांची जमीन करायची आहे. यावेळी करारात लिहिलंय: वरच्या थरात तांबडं ऑक्साइड, पॉलिश ४०० वर बंद, डाय नाही, दारापुढच्या भागाला भरड फिनिश, राड्यासाठी खड्डा ठेकेदारानं खणायचा, आणि काम सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात ३ बाय ३ फुटांचा नमुना करून त्यावर आम्ही पाणी, माती आणि आगळ ओतून बघणार. नमुन्याच्या कलमावर ठेकेदार अजून कुरकुरतोय. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, तो सही करेपर्यंत आगाऊ रक्कम सोडायची नाही.